पाहुण्यांच्या गाडीवरचं डांबर

मला पाहायला आलेल्या लोकांच्या गाडीला डांबर लागलं आणि तिथून सगळा घोळ झाला, असं आमच्या घरी आजही सांगतात. मला काही हे पटत नाही. घोळ आधीपासूनच होता. त्या दिवसांत आमच्या भागात घोळ नाही अशी एक गोष्ट दाखवा म्हटलं असतं, तर कोणाला दाखवता आली नसती. आधी राज्य नवं झालं. ते अंगवळणी पडतं न पडतं तोच जिल्हा फोडणार अशी बातमी आली, आणि जिल्ह्याबरोबर मंडलंही, म्हणजे आमच्याकडचे छोटे तालुके. सकाळी चहाच्या हॉटेलात एकजण एक सांगे, दुपारी बसमधून उतरलेला दुसरा भलतंच सांगे, आणि संध्याकाळी पटवारी हात झटकून म्हणे, "मले काईच मालूम नाही, माह्यापर्यंत कागद आला नाही."

आम्ही तामसी मंडलातले. बाजाराला आणि दवाखान्याला बसनं आदिलाबाद, कागदपत्राला तामसी, एवढं आम्हाला पाठ. आता शेजारच्या गावात नवीन मंडल निघालं आणि आमचं गाव त्यात गेलं म्हणत होते. गेलं म्हणणारेही छातीठोक आणि नाही गेलं म्हणणारेही छातीठोक. मी गावातल्या मराठी शाळेत वॉलंटियर म्हणून शिकवत होते. हेडमास्तरांनी शाळेच्या भिंतीवरचं जुन्या मंडलाचं नाव चुना मारून बुजवलं. नवं लिहायला पेंटर आला, तर त्याला म्हणाले, थांब बाबा, अजून पक्कं नाही. पेंटर डबा घेऊन परत गेला आणि आमची शाळा बरेच दिवस कोणत्याच मंडलात नव्हती. मी तेव्हा पोरांना पत्ता लिहायला शिकवत होते. गाव लिहून झालं की पोरं विचारत, बाई, मंग काय लिहू? मी म्हणायची, तिथं टिंब टिंब द्या.

एक गोष्ट मात्र डोळ्यांना दिसेल अशी झाली. रोड आला. नव्या मंडलाचं ऑफिस होणार, साहेब लोक येणार-जाणार, म्हणून आमच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर गिट्टी पडली, रोलर फिरला आणि मग डांबराचा टँकर आला. लोक कामधाम सोडून पाहायला जाऊन बसत. माझा मामा तर रोज जायचा. मामा आमच्याच गावात राहतो, वांगी-टमाटे लावतो, आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळतं असं त्याचं म्हणणं. डांबर किती गरम पाहिजे, चुरी किती बारीक पाहिजे, ठेकेदार कुठं चोरी करतो, हे तो रोज रात्रीच्या जेवणाला आम्हाला ऐकवायचा.

अशात मला पाहायला यायचं ठरलं. मुलगा पैनगंगेच्या पलीकडचा, म्हणजे महाराष्ट्रातला. आमच्याकडं त्यात नवल नाही. नदीच्या दोन्ही अंगाला तीच बोली, तीच कापसाची पऱ्हाटी, तीच जवारी. पोरी इकडून तिकडं जातात आणि तिकडून इकडं येतात. पण राज्य बदललं तसं लोकांच्या मनात किडा शिरला होता. इकडच्या पोरीचे कागद तिकडं चालतील का, तिचं शिकवणं, तिचं सर्टिफिकेट कोण धरेल, असलं काहीबाही. मी चारजणांना विचारलं आणि चार उत्तरं मिळाली. मी शाळा सोडू की नको, तिकडं शाळा मिळेल की नाही, मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. कधी वाटे जावं, कधी वाटे कशाला. एकाच दिवसात दोन्ही वाटे.

लग्न नको होतं असं नाही. एकाच गोष्टीचा मला राग होता. माझ्या मोठ्या बहिणीला तिचं लग्न जमल्याचं शेजारणीकडून कळलं होतं. ती शेतातून गवताचा भारा घेऊन येत होती आणि शेजारीण म्हणाली, काय वं, साखर नाही देत का? तिला वाटलं कशाची साखर. भारा डोक्यावर तसाच, आणि ही रस्त्यात उभी. तिचा संसार चांगला चाललाय, ती कधी बोलली नाही. पण मला ती रस्त्यात उभी असलेली दिसते. म्हणून पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी बाबांना गाठलं. ते कोपऱ्यात कापसाचा ढीग सारखा करत होते.

"बाबा, येऊ द्या त्यायले. पाहू द्या. पण हो म्हणाच्या आधी मले इचारा."

बाबा थांबले. माझे बाबा कमी बोलतात, पण बोलले की ते मोडत नाहीत. शेतमजूर असो की व्यापारी, त्यांच्या जबानीवर माल उचलतात.

"इचारीन," ते म्हणाले.

"लोकाईसमोर नाही. आत येऊन. एकटीले."

"इचारीन म्हटलं ना वं."

एवढ्यावर मी निर्धास्त झाले. आता काय ठरवायचं ते मला ठरवायचं होतं, आणि ते मला येत नव्हतं, तो भाग निराळा.

पाहुणे आले ते सकाळच्या उन्हात. पांढरी शुभ्र गाडी, नवीकोरी. मुलगा स्वतः चालवत होता. बाजूला त्याचे वडील, मागं त्याची आत्या. मुलाची आई नव्हती, आत्यानंच त्याला वाढवलेलं, म्हणून घरात तिचाच शब्द चालतो असं आम्हाला आधीच कळलं होतं. नेमकं त्याच सकाळी आमच्या गावाजवळ डांबर टाकणं चालू होतं. ठेकेदाराचा माणूस तेलुगूत ओरडून थांबा म्हणत होता, यांना तेलुगू येत नाही. यांना वाटलं गावात पाहुण्यांना हात करायची पद्धत असेल. यांनीही हात केला आणि गाडी ओल्या डांबरावरून थेट आमच्या दारात आणली.

आमच्याकडं नवी गाडी पहिल्यांदा दाराशी आली की घरची बाई तिच्या चाकावर पाणी टाकते आणि हळदकुंकू लावते. गाडी कोणाचीही असो. पाहुणे आत जाऊन बैठकीत बसले, बाबांनी पाणी दिलं, आणि आई तांब्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर गेली. मी मागच्या खोलीत साडी सांभाळत उभी होते. आई परत येईना. दूध उतू जायला आलं तरी येईना. मग मी मागच्या दारानं निघून घराच्या बाजूनं जाऊन पाहिलं.

आई गाडीसमोर उकिडवी बसली होती आणि तिचा हात तोंडावर होता. गाडीच्या खालच्या अंगाला, चाकांच्या मागं आणि ड्रायव्हरच्या दाराच्या अर्ध्या भागावर काळे काळे शिंतोडे. काही बारीक, काही चांगले बोटाएवढे. पांढऱ्या रंगावर ते इतके उठून दिसत होते की मलाही कसंतरी झालं.

"पाह्य वं," आई म्हणाली, "आपल्या दारात येताना गाडी काळी झाली. जाताना पाहतील तं काय म्हणतील? पोरगी पाहाले गेलो आन् तोंडाले डांबर लागलं म्हणतील."

"तोंडाले कुठं लागलं आई, गाडीले लागलं."

"तू भाईर काऊन आली? जाय आत! नवरी अशी गाडीजवळ येते का?"

तेवढ्यात मामा आला. मामा पाहुण्यांसोबत बसायचा सोडून इकडं कसा आला ते विचारू नका. जिथं काही बिघडलं तिथं तो आपोआप पोचतो. त्यानं शिंतोडे पाहिले, बोट लावून वास घेतला आणि मान डोलावली. "रॉकेल पाहिजे." रॉकेल घरात नव्हतं. गॅस आल्यापासून कोणाच्याच घरात नव्हतं. "मंग तेल लाव बाई," तो आईला म्हणाला, "टँकरवाले हाताले फल्लीचं तेल लावून हात साफ करतात, म्या पाह्यलं." हे मात्र खरं होतं. आईनं वाटीभर शेंगदाण्याचं तेल आणलं, आणि कापसाला तर आमच्या घरात तोटा नाही. ढिगातला बचकाभर कापूस घेऊन ती पुसायला लागली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. तेलानं डांबर सुटत होतं. बारीक ठिपके गेले. मोठे मात्र हटेनात. त्यावर तेल लावून थोडं थांबायला पाहिजे होतं, हे मला आज कळतं. पण पाहुणे आत, चहा व्हायचा, पोरीला बाहेर आणायचं, आणि आई थांबणारी बाई नाही. मला हाक आली. मी चहाचा ट्रे घेऊन बैठकीत गेले आणि बाहेर काय चाललं ते मला दिसलं नाही.

बैठकीत मुलाच्या वडिलांनी मला शिक्षण विचारलं, ते सांगितलं. स्वयंपाक येतो का विचारलं, येतो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "तुमचं गाव आता कोणत्या मंडलात येते?" मी बाबांकडं पाहिलं. बाबा म्हणाले, "तामसी." तेवढ्यात हात पुसत मामा दारात आला आणि म्हणाला, "नाही नाही, नवीन मंडल झालं, त्यात गेलं." बाबा म्हणाले, अजून कुठं गेलं. मामा म्हणाला, गेलंच. मुलाचे वडील एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं पाहायला लागले. सोयरीक कोणत्या गावाशी करतोय हेच यांना ठाऊक नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

मुलगा पहिल्यांदा बोलला. मला म्हणाला, "तुमी तर शाळेत शिकवता. पोराईले काय लिहाले सांगता?"

"टिंब टिंब," मी म्हटलं.

तो हसला. उगाच तोंडदेखलं नाही, चांगला खदखदून हसला, आणि चहा सांडला थोडा. मग म्हणाला, "आमच्या इकडं असतं तं आमी पण तेच शिकवलं असतं." आत्यानं त्याच्याकडं डोळे वटारले. मला तिथं बसून राहावं वाटलं आणि पळूनही जावं वाटलं. आणखी दोन गोष्टी विचाराव्यात, शाळेचं विचारावं, असं मनात येत होतं. पण सगळे वडीलधारे समोर. मी ट्रे उचलून आत आले. माझे गाल तापले होते. म्हणजे मला तो आवडला का? की नुसतं हसला म्हणून बरं वाटलं? कोणाला विचारणार? आई तर बाहेर गाडीशी.

मी पुन्हा मागच्या दारानं गेले.

आईनं चुलीतली राख आणि नारळाच्या शेंडीचा काथ्या घेतला होता. जन्मभर चुलीवरची काळीठिक्कर भांडी तिनं अशीच चकचकीत केली. काळं दिसलं की तिचा हात राखेकडं जातो, त्यात तिचं काय चुकलं? डांबर निघालं होतं, एक ठिपका राहिला नव्हता. पण भांड्याला घासलं की चमक येते, आणि इथं चमक गेली होती. दाराच्या मधोमध चांगल्या भाकरीएवढा पट्टा फिका, खरखरीत, ओरखड्यांनी भरलेला. बाकी गाडी उन्हात झळकत होती आणि तो पट्टा चुन्याच्या भिंतीसारखा निर्जीव.

आई काथ्या हातात धरून बसली होती. "काळं तं गेलं," ती म्हणाली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "हे काय झालं वं?"

मामानं बाबांना खूण करून बाहेर बोलावलं. बाबांनी तो पट्टा पाहिला. एकदा हात फिरवला. त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्याची वस्तू आपल्या दारात खराब झाली, यापेक्षा मोठी शरम माझ्या बाबांना ठाऊक नाही. "सांगून टाकू," ते म्हणाले.

"हा, सांगा!" मामा दबक्या आवाजात उसळला. "आधीच मंडलाचं हसं झालं. आता सांगा का तुमची नवी गाडी आमी राखेनं घासली. पोरीचं जमून राह्यलं तेही जाईन. जाऊ द्या ना दाजी. बाई, कुंकू आण."

आणि त्या कुंकवानं पुढचं सगळं केलं. मामानं सुचवलं आणि आईनं तेलात कालवून कुंकवाचं मोठं स्वस्तिक त्या पट्ट्यावर काढलं. पट्टा मोठा, म्हणून स्वस्तिक मोठं. तरी कडेनं दिसायला लागलं म्हणून दोन्ही बाजूंना हळदीची बोटं ओढली. मग एका दारावरच एवढं कसं दिसेल, म्हणून दुसऱ्या दारावर काढलं, बोनेटवर काढलं, आणि मामानं देवघरातला झेंडूचा हार काढून आणून समोर बांधला. बाबा नुसते पाहत उभे. मी म्हटलं, "बाबा, हे काय चालवलं?" ते म्हणाले, "आत जाय पोरी." ते रागानं म्हणाले नाहीत, थकल्यासारखे म्हणाले.

जेवणं झाली. वांग्याची भाजी, भाकर, साखरभात. मुलाचे वडील निघताना म्हणाले, "घरी जाऊन इचार करतो, मंग कळवतो." म्हणजे काय समजायचं? हो म्हणणारेही हेच म्हणतात आणि नाही म्हणणारेही हेच म्हणतात. आई लगेच पडलेल्या तोंडानं माझ्याकडं पाहायला लागली. मला मात्र थोडं मोकळं वाटलं. ते जातील, बाबा आत येतील, मला विचारतील. तोवर मला काहीतरी ठरवता येईल.

सगळे अंगणात आले आणि आत्या गाडीपाशी थबकली.

"अगं बाई! यायनं तर गाडीले कुंकू लावलं. हार घातला!" ती भावाकडं वळली. तिचा चेहरा एकदम फुलला. "दादा, पाह्य नं. यायनं तं आपल्याकडून पक्कंच केलं हो. एवढं मनापासून कोण करते?"

मुलाच्या वडिलांनी गाडीभोवती एक फेरी मारली. तिन्ही स्वस्तिकं पाहिली, हार पाहिला. माणूस एकदम विरघळला. त्याला वाटत असेल, इकडचे लोक आपल्याला कमी समजतात की काय. आणि इथं तर लग्नाची गाडी सजवून ठेवलेली. त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. "इवाई, तुमी आधीच हो म्हटलं, आमी कशाले मांग राहू? आमालेही पोरगी पसंत हाये."

इवाई म्हणजे व्याही. तो शब्द उच्चारला की आमच्याकडं गोष्ट संपली.

मी दारात उभी होते. बाबा माझ्याकडं पाहतील असं मला वाटलं. बाबांनी पाहिलंही. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मी आजही सांगू शकत नाही. थांबा म्हणावं तर विचारतील, मग हे कुंकू कशाचं? आणि कुंकू कशाचं हे सांगावं तर तो पट्टा आला. त्यांचे ओठ हलले. मामा म्हणाला, "मंग काय तं! आण बाई साखर." आई धावतच आत गेली. साखर आली. आत्यानं बाबांच्या तोंडात घातली, बाबांनी तोंड उघडलं. मुलाच्या वडिलांच्या, मामाच्या, मुलाच्या. मुलगा गोंधळून माझ्याकडं पाहत होता. मी "पण" म्हणायला तोंड उघडलं आणि आत्यानं चिमूटभर साखर माझ्याही तोंडात सारली.

हो कोणी म्हटलं? मी नाही. बाबा नाही. ते लोकसुद्धा नाही, त्यांना तर आम्ही म्हटलं असं वाटलं. कोणीच न म्हणता लग्न ठरलं होतं, आणि सगळे हसत होते. माझं डोकं फिरलं. बहीण रस्त्यात भारा घेऊन उभी होती तशी मी उभी होते, फक्त माझ्या तोंडात साखर होती. मी अंगणात उतरले, तडक गाडीपाशी गेले, साडीचा पदर हाताला गुंडाळला आणि दारावरचं स्वस्तिक पुसायला लागले.

तेलातलं कुंकू लवकर जात नाही. मी जोरानं पुसलं. मागं कोणीतरी अयाया म्हणालं, बहुतेक आईच. खालचा पट्टा उघडा पडला.

"हे पाहा," मी म्हटलं. "डांबर लागलं होतं. आईनं राखेनं घासलं. हे झाकाले कुंकू लावलं. आमच्याकडून हो नव्हतं ते. मले कोणी इचारलंच नाही अजून."

मला वाटलं, आता ते त्या पट्ट्याकडं पाहतील. कोणी पाहिलं नाही. सगळे माझ्या हाताकडं पाहत होते. लाल झालेला पदर, लाल हात.

"पोरीनं कुंकू पुसलं," आत्या म्हणाली. अगदी हळू. तिनं दोन पावलं मागं घेतली, जसं मी तिच्या अंगावर काही टाकणार होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय केलं ते. मी डाग दाखवत होते, आणि त्यांनी पाहिलं की साखर तोंडात असताना पोरीनं आपल्या हातानं कुंकू पुसलं. मला म्हणायचं होतं, असं नाही हो, तसं नाही, गाडीचं कुंकू ते.

मुलगा पुढं आला. दाराजवळ वाकला, पट्ट्यावरून बोट फिरवलं. "डांबराचं तं मले मालूम होतं," तो म्हणाला, आईकडं पाहून, अगदी साधेपणानं. "घरी गेल्यावर डिझेलनं निघालं असतं. काऊन एवढा तरास घेतला तुमी मावशी?" मग तो माझ्याकडं वळला. "आन् तुमाले..."

"बस गाडीत," त्याचे वडील म्हणाले.

"बाबा, एक मिनिट..." मुलगा वडिलांना म्हणाला.

"बस म्हटलं ना."

तो बसला. आत्यानं जाता जाता हार ओढून काढला आणि ओट्यावर ठेवला, फेकला नाही. काच खाली होती. तो मला काही विचारणार होता, इतकं मला दिसलं. काय ते कळलं नाही. गाडी वळली आणि ते गेले, बोनेटवरचं कुंकू तसंच घेऊन.

ते लोक परत आले नाहीत. बाबा एकदा नदीपलीकडं गेले, गाडीच्या रंगाचं काय ते भरून देतो म्हणाले. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि राहू द्या म्हणाले. माझं लग्न पुढं निराळ्या ठिकाणी, विचारून झालं.

पण त्या दिवशी, गाडी गेल्यावर, आई आत रडत होती, मामा निघून गेला होता. मी ओसरीच्या पायरीवर बसून राहिले. आता बाबा ओरडतील, म्हणजे बरं होईल, असं वाटत होतं. ते आले आणि माझ्या बाजूला बसले. माझ्या बाजूला पायरीवर ते कधी बसले नव्हते.

"पोरी," ते म्हणाले, "तुह्या मनात काय होतं?"

दिवसभर मला जे कळत नव्हतं ते त्या क्षणी तोंडातून आपोआप निघालं. "मी हो म्हणणार होती, बाबा."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "मंग काऊन पुसलं वं?"

"तुमी इचारलंच नव्हतं."

मग बाबांनी नीट, एकेक शब्द वेगळा म्हणून विचारलं, "मंग आता इचारतो. त्या घरी देऊ का तुले?"

गाडी केव्हाच गेली होती. आता विचारून काय उपयोग, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण त्यांनी विचारलं होतं. मी हो म्हटलं.